काठमांडूचा किस्सा आणि पुण्याचा जटायू

आपल्या मंडळाचे आणि मद्रासच्या दूरदर्शन केंद्राचे वय जवळपास सारखेच आहे. मुंबईला दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले, कलकत्त्याला ९ ऑगस्ट १९७५ रोजी, आणि त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, १५ ऑगस्ट १९७५ रोजी मद्रासच्या आकाशात ती चित्रे प्रथम उमटली. मंडळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगताना गणेशोत्सव, नाटके, कोजागिरी, वाचनालय यांविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. मी मात्र वाचकांना एका छोट्या पडद्यासमोर नेऊन बसविणार आहे. त्या पडद्यावर १९८६ साली एक बंगाली गुप्तहेर हिंदी बोलू लागला आणि त्याच्या शेजारी, काखेत झोळी घेतल्यागत, आपल्या पुण्याचा एक डॉक्टर उभा राहिला. या घटनेची नोंद मराठीच्या इतिहासात कोणी फारशी घेतलेली नाही. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाने ती घ्यावी, असे मला बरेच दिवस वाटत होते.

तो गुप्तहेर म्हणजे प्रदोषचंद्र मित्र ऊर्फ फेलुदा. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ साली 'संदेश' नावाचे मुलांचे मासिक काढले होते. मध्यंतरी बंद पडलेले ते मासिक सत्यजितबाबूंनी १९६१ साली कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साहाय्याने पुन्हा सुरू केले, आणि मासिक चालवायचे तर मजकूर हवा म्हणून स्वतःच कथा लिहावयास घेतल्या. १९६५ साली 'संदेश'मध्येच फेलुदाची पहिली कथा अवतरली. उंच, तल्लख, चारमिनार सिगारेट ओढणारा, जवळ बत्तीस बोअरचे कोल्ट रिव्हॉल्व्हर बाळगणारा पण ते क्वचितच चालविणारा हा तरुण शेरलॉक होम्सला गुरू मानतो. वॉटसनची जागा त्याच्या चुलतभावाने, तोपशेने, घेतली आहे. सर्व कथा हा शाळकरी मुलगाच सांगतो. 'दा' म्हणजे आपला दादाच. घरातल्या मोठ्या भावाचे पराक्रम धाकट्याने सांगावेत, अशी ही सारी मांडणी आहे. १९७१ च्या 'सोनार केल्ला'मध्ये या दोघांना तिसरा सोबती मिळाला: लालमोहन गांगुली, टोपणनाव 'जटायू', रहस्यकथांचा लोकप्रिय लेखक, भूगोलात आणि शास्त्रात कच्चा, स्वभावाने भित्रा, पण मित्रासाठी जीव टाकणारा. पाच फूट साडेतीन इंच उंचीचा हा गृहस्थ पुढे बंगाली वाचकांना फेलुदापेक्षाही प्रिय झाला, असे म्हटल्यास कोणी बंगाली माणूस रागावणार नाही.

गुप्तहेराला पुस्तकातून पडद्यावर आणणे दिसते तितके सोपे नाही, आणि हे रायांना फेलुदाच्या आधीच अनुभवाने कळले होते. १९६७ साली त्यांनी शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या व्योमकेश बक्षीवर 'चिडियाखाना' हा चित्रपट केला. नायक उत्तमकुमार. त्या वर्षीचे उत्कृष्ट दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळाले. तरीही स्वतः राय त्या चित्रपटावर खूष नव्हते. 'गुन्हेगार कोण?' या एकाच प्रश्नावर उभी असलेली कथा शेवटी एका खोलीत सर्वांना जमवून गुप्तहेराने दिलेल्या लांबलचक व्याख्यानात संपते. वाचक ते व्याख्यान पाने उलटीत आनंदाने वाचतो. प्रेक्षक मात्र जांभई देतो. शिवाय रहस्य एकदा कळले की दुसऱ्यांदा चित्रपट पाहण्याचे कारण उरत नाही. म्हणून १९७४ साली 'सोनार केल्ला' पडद्यावर आणताना त्यांनी आपल्याच कादंबरीची रचना मोडली. पुस्तकात जे ढोंग वाचकापासून बराच काळ लपविलेले आहे, ते चित्रपटात त्यांनी प्रेक्षकाला आरंभीच दाखवून टाकले. आता प्रश्न 'कोण?' हा राहिला नाही. 'फेलुदाला केव्हा कळणार, आणि तोवर त्या लहान मुलाचे काय होणार?' हा झाला. कुतूहलाच्या जागी काळजी आली. हा बदल मूळ लेखकानेच केला म्हणून कोणी हरकत घेतली नाही. दुसऱ्या कोणी केला असता तर कलकत्त्यात मोर्चा निघाला असता.

त्या चित्रपटात आणि १९७९ च्या 'जय बाबा फेलुनाथ'मध्ये सौमित्र चट्टोपाध्याय फेलुदा झाले व संतोष दत्त जटायू झाले. संतोष दत्तांनी ती भूमिका इतकी आपलीशी केली की पुढच्या पुस्तकांसाठी चित्रे काढताना रायांच्या कुंचल्यातून जटायूऐवजी संतोष दत्तच उमटू लागले. नटाने लेखकाच्या पात्राचा चेहरा बदलून टाकावा, याचे असे उदाहरण वाङ्मयाच्या इतिहासात विरळा. पुढील हकिगतीसाठी ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुण्याहून जो नट या जागेवर येऊन बसणार होता, त्याला एका पात्राच्या नव्हे, तर एका जिवंत माणसाच्या जागी बसावयाचे होते.

दूरदर्शनशी रायांचा संबंध फेलुदाच्या आधीच आला होता. प्रेमचंदांच्या कथेवरील 'सद्गती' हे त्यांचे हिंदी दूरदर्शन-चित्र १९८१ सालचे. ओम पुरी, स्मिता पाटील, गीता सिद्धार्थ आणि मोहन आगाशे. पाच-पन्नास मिनिटांच्या त्या चित्राने भल्याभल्यांची झोप उडविली. त्यात दुखीला लाकूड फोडावयास लावणाऱ्या ब्राह्मणाची भूमिका आगाशे यांची. या पंडिताचे नाव प्रेमचंदांनी घासीराम ठेवले आहे. ज्या नटाने 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस गाजविला, त्याच्या वाट्याला कलकत्त्याच्या दिग्दर्शकाकडे घासीराम यावा, हा निव्वळ योगायोग. पण मौजेचा खरा.

१९८३ साली 'घरे बाइरे'चे काम चालू असताना रायांना हृदयविकाराचा झटका आला. चित्रपट कसाबसा पुरा झाला, पुत्र संदीप यांनी हात दिला, आणि त्यानंतर काही वर्षे डॉक्टरांनी त्यांना दिग्दर्शनाच्या श्रमांपासून दूर ठेवले. परंतु लेखणी चालू होती. या सक्तीच्या विश्रांतीतूनच 'सत्यजित राय प्रेझेंट्स' ही दूरदर्शनमाला जन्मली. पटकथा पित्याच्या, दिग्दर्शन पुत्राचे. संदीप यांनी तत्पूर्वी १९८३ मध्ये 'फटिकचंद' हा एकच चित्रपट दिग्दर्शित केला होता. या मालेच्या ओघातच १९८६ साली 'किस्सा काठमांडू का' तयार झाले. भाषा हिंदी, प्रेक्षक सारा देश.

मूळ कादंबरी 'जत कांड काठमांडूते' ही १९८० सालची. कलकत्त्याच्या एका हॉटेलात कुकरीने झालेला खून, काठमांडूपर्यंत गेलेला बनावट औषधांचा व्यापार, आणि त्यामागे 'जय बाबा फेलुनाथ'मधलाच जुना वैरी मगनलाल मेघराज. कथेचा प्रारंभ फार चतुर आहे. एक गृहस्थ फेलुदाकडे येऊन तक्रार करतो की हुबेहूब आपल्यासारखा दिसणारा दुसरा कोणी शहरात वावरतो आहे व त्याच्या उद्योगांचा दोष आपल्या माथी येण्याची भीती आहे. छापील पानावर ही कल्पना विनासायास चालते; कारण अक्षरांना चेहरा नसतो. लेखक म्हणाला 'दोघे सारखे दिसतात' की वाचक मान डोलावितो. पडद्यावर मात्र प्रत्येक चेहरा प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर असतो, आणि तो शंकेखोर असतो. रहस्यकथेतील उत्तम कल्पना आणि दृश्यमाध्यम यांचे हे जन्मजात वैर आहे. कथेचे उत्तर मी येथे सांगत नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांचा आनंद हिरावून घेण्याचे पातक स्मरणिकेच्या संपादकांच्या माथी कशाला?

आता नटसंचाकडे वळू. फेलुदा झाले शशी कपूर. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठेचाळीस, आणि शरीरही वयाला साजेसे भारावलेले. पुस्तकातला फेलुदा रोज सकाळी योगासने करणारा, सडपातळ, तिशीच्या आगेमागे रेंगाळणारा. बंगाली रसिकांना ही निवड मानवली नाही, आणि त्यांची तक्रार मला आजही रास्त वाटते. परंतु या निवडीच्या पाठीमागे एक जुना धागा होता, तो सहसा कोणी सांगत नाही. जॉफ्री केंडल यांची 'शेक्सपियराना' ही फिरती नाटक मंडळी हिंदुस्थानभर शेक्सपियर खेळत असे. तरुणपणी उत्पल दत्त त्या मंडळीत होते, शशी कपूरही होते. केंडलसाहेबांचे ते जावईच झाले. त्या मंडळीच्या जीवनावरून १९६५ साली 'शेक्सपियरवाला' हा चित्रपट निघाला, त्यात शशी कपूर व उत्पल दत्त दोघेही होते, आणि त्याचे संगीत होते सत्यजित राय यांचे. एकवीस वर्षांनी तेच दोघे फेलुदा आणि मगनलाल म्हणून समोरासमोर उभे राहिले. लेखणी रायांचीच. नटांची निवड करणाऱ्याच्या मनात काय होते ते मी कोण सांगणार; पण इतिहासाच्या दृष्टीने हा फेरा पाहण्यासारखा आहे.

जटायूच्या जागी आले डॉ. मोहन आगाशे. भोरला जन्मलेले, पुण्यात वाढलेले, व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ. १९७२ पासून 'घाशीराम'चा नाना म्हणून उभा महाराष्ट्र त्यांना ओळखत होता. १९८० साली ते नाटक युरोपलाही जाऊन आले होते. नानाचा तो रुबाब, ती खालच्या पट्टीतली धाक घालणारी वाणी ज्यांनी पाहिली-ऐकली होती, त्यांना हा गृहस्थ घाबरट लालमोहनबाबू होणार ही वार्ताच विनोदी वाटली असेल. मूळ जटायू बुटका. आगाशे तसे नव्हेत. आणि काठमांडूच्या कथेत तर जटायूवर एक विलक्षण प्रसंग येतो: मगनलाल त्याच्या चहाच्या साखरेतून एलएसडी नावाचे भ्रमोत्पादक द्रव्य त्याला पाजतो, आणि बिचारा भलभलते रंग व आकार पाहू लागतो. दिवसा रुग्णांचे भ्रम ऐकून घेणाऱ्या डॉक्टरांकडेच ही व्यक्तिरेखा यावी! मला आगाशे यांच्या जटायूत जे आवडले ते हे की त्यांनी संतोष दत्तांची नक्कल करण्याचा मोह टाळला. ते आपले पुण्याचे राहिले. थोडे मिस्कील, थोडे भाबडे, आणि आपण मूर्ख ठरत आहोत याची जाणीव असलेले. संतोष दत्तांच्या जटायूला ती जाणीव नसते, आणि म्हणूनच तो श्रेष्ठ आहे, हेही मान्य करतो.

तिघांपैकी तिसरा, तोपशे, झाला अलंकार जोशी. 'दीवार'मधला लहानगा विजय म्हणून सर्वांना परिचित असलेला, पल्लवी जोशींचा भाऊ. म्हणजे पाहा, बंगालच्या सर्वांत लाडक्या त्रयीपैकी दोन जण, कथा सांगणारा व कथेत हसविणारा, मराठी घरांतले होते.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते तोच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. फेलुदा हिंदीत आणताना काय गमावले? वेषभूषा नव्हे, स्थळे नव्हेत. गमावली ती भाषेची उंचसखलता. लालमोहनबाबू पहिल्यांदा रेल्वेच्या डब्यात भेटतात ते मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत. समोरचे प्रवासी बंगालीच आहेत हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडतो. राजस्थानभर त्यांच्या हिंदीची फजिती होते आणि बंगाली प्रेक्षक पोट धरून हसतो. कारण प्रत्येक बंगाली माणसाच्या घरात अशी हिंदी बोलणारा एक मामा असतो. उलट मगनलाल मेघराज हा बनारसचा हिंदीभाषी सावकार. तो जे बंगाली बोलतो ते हिंदीच्या वळणाने वाकलेले, आणि त्या वाकलेपणातच त्याची अर्धी दहशत आहे. गोड हसत, चुकीच्या व्याकरणात धमकी देणारा माणूस हा शुद्ध भाषेत धमकी देणाऱ्यापेक्षा अधिक भयंकर असतो. आता सगळेच हिंदीत बोलू लागल्यावर काय झाले? जटायूच्या हिंदीला हसण्याचे कारण उरले नाही, आणि मगनलाल तर आपल्या माहेरच्या भाषेत आला. परका मनुष्य घरचा झाला, आणि घरची माणसे परकी झाली. उत्पल दत्त थोर नट. त्यांनी डोळ्यांनी आणि हसण्याने काम भागविले. पण भाषेने जे आपोआप साधले असते ते नटाला कष्टाने साधावे लागले.

हे दुःख आपल्याला, मद्रासच्या मराठी माणसांना, इतरांपेक्षा अधिक कळावे. भाजीवालीशी बोललेल्या पहिल्या चार तमिळ शब्दांत आपण कोण आहोत हे उघडे पडते. आपल्यापैकी ज्यांची घराणी व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरकडची आहेत, त्यांनी पुण्यामुंबईत जाऊन मराठीत तोंड उघडले की तेथेही लोक वळून पाहतात. माणसाचे ठिकाण त्याच्या बोलण्यात असते. होम्सनेही बोटांवरच्या डागांइतकेच लक्ष उच्चाराकडे दिले असते.

ते प्रसारण मी पाहिले पेरांबूरला, एका बंगाली स्नेह्यांच्या घरी. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यामुळे त्या भागात तेव्हा बरीच बंगाली कुटुंबे होती. त्यांच्याकडे रंगीत संच होता, आणि गच्चीवर श्रीलंकेचे रूपवाहिनी केंद्र पकडण्यासाठी उभारलेली उंचच उंच अँटेना. शहरात तेव्हा घराघरांवर असे डोलकाठीसारखे खांब होते. खोलीत दाटीवाटीने दहा-पंधरा जण बसलेले. घरमालक दादा फेलुदाच्या प्रवेशालाच नाराज झाले. "ए की! हे तर फेलुदाचे काका!" असे काहीसे म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. माझ्याबरोबर सौकारपेठेतले एक गलाईवाले मित्र होते, मूळचे विट्याकडचे, सोने गाळण्याच्या भट्टीवरून थेट आलेले. ते आगाशे दिसताच ताठ बसले. "नाना! अहो, नाना फडणवीस!" त्यांच्या या घोषणेने बंगाली मंडळी गोंधळली. शेजारच्या तंजावरी मामी हिंदी फारशी समजत नसल्याने दर पाच मिनिटांनी मला विचारीत, "हा चोर की तो चोर?" मी त्यांना मराठीत सांगे, त्या आपल्या नातवाला तमिळमध्ये सांगत, आणि तो मुलगा पाठीमागे बसलेल्या बंगाली मुलांना इंग्रजीत. कथा हिंदीतून निघून चार भाषांच्या पायऱ्या उतरून पुन्हा बंगालीपर्यंत पोचत होती. राष्ट्रीय प्रसारणाच्या योजकांच्या कल्पनेत हे बहुधा नव्हते.

मध्यंतरात दादांनी मला एक प्रश्न केला, तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. ते म्हणाले, "आमचा फेलुदा तुम्ही पाहता, तुमचा गुप्तहेर कोण? तो केव्हा दाखवणार?" मी बाबूराव अर्नाळकरांचे नाव घेतले.

अर्नाळकर हे नाव आज स्मरणिका वाचणाऱ्या तरुणांना कदाचित ठाऊकही नसेल. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. १९०६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली निवर्तलेल्या या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, विजया आणि नेताजी; धनंजय आणि छोटू; काळापहाड. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी वाचनाची गोडी या पातळ, रद्दी कागदावरच्या पुस्तकांतून लावून घेतली आणि मोठेपणी ती गोष्ट लपविली. येथेच बंगाली आणि मराठी समाजातला फरक दिसतो. बंगालमध्ये शरदिंदु आणि राय यांच्यासारख्या प्रतिष्ठित लेखकांनी गुप्तहेर लिहिला, म्हणून त्याला दिवाणखान्यात जागा मिळाली. आपल्याकडे तो उशीखाली राहिला. दूरदर्शनच्या राष्ट्रीय जाळ्यावर व्योमकेश आणि फेलुदा दिमाखाने गेले. झुंजारला तो मान मिळाला नाही. याचा दोष मी दूरदर्शनला देत नाही. जे पुस्तक आपण स्वतः कपाटात ठेवीत नाही, ते दुसऱ्याने पडद्यावर आणावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे थोडा अधिक नशीबवान. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, आणि तोंडातून निघणारे ते 'टॉक्'. ऐंशीच्या दशकात तो दूरदर्शनवर आला, सुमीत राघवन याच्या रूपाने. पुढे २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी त्याच्यावर चित्रपट केला, तेव्हा अमेय वाघ फेणे झाला आणि खुद्द भागवतांची व्यक्तिरेखा दिलीप प्रभावळकरांनी रंगविली. लेखकालाच कथेत पात्र म्हणून आणण्याची ती युक्ती मला मनापासून आवडली. पण फेणे हा मुलांचा. त्याच्यावर घरातले कोणी डोळे वटारीत नव्हते.

आणि ज्या शहराचे मीठ आपण खातो, त्या शहराचा गुप्तहेर विसरून कसे चालेल? 'आनंद विकटन' साप्ताहिकाचे संपादकीय काम पाहणारे देवन, म्हणजे आर. महादेवन, यांनी १९४० च्या दशकात 'तुप्परियुम सांबू' लिहिला. सांबू हा बँकेतला कारकून, मोठ्या नाकाचा, बुद्धीने बेताचा. तो जे काही करतो ते चुकतच जाते, आणि त्या चुकीतूनच गुन्हेगार सापडतो; श्रेय सांबूला. होम्सची सारी तर्कशुद्धता उलटी करून तिची अशी गंमत करणे हे मयिलापूरच्या विनोदबुद्धीलाच सुचावे. काताडी राममूर्ती यांनी हा सांबू दूरदर्शनवर साकार केला, आणि आमच्या तंजावरी मामींना त्यासाठी कोणाचेही भाषांतर लागले नाही. दोन्ही पाहिल्यानंतर मी हे लिहू धजतो की आपल्या मातीत आणि आपल्या भाषेत राहिलेला सांबू हिंदीतल्या फेलुदापेक्षा पडद्यावर अधिक सुखाने वावरला.

परंतु हिंदीत येऊनही गुप्तहेर आपले घर राखू शकतो, याचे उदाहरण सात वर्षांनी मिळाले. १९९३ साली बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी 'व्योमकेश बक्षी' ही माला केली. रजित कपूर व्योमकेश, के. के. रैना अजित. चटर्जींनी व्योमकेशला पूर्वीच्याच कलकत्त्यात, धोतरात, त्याच्या मेसच्या खोलीत ठेवले. घाई केली नाही. पार्श्वसंगीताचा गोंगाट केला नाही. व्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवीत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवितो, हा शब्द त्यांनी जसाच्या तसा ठेवला, आणि संस्कृतोद्भव असल्याने तो हिंदीतही शोभला. शशी कपूर फेलुदाच्या अंगी तारामंडळाचे तेज घेऊन आले होते. रजित कपूर यांना त्या वेळी फारसे कोणी ओळखत नसल्याने प्रेक्षकाला व्योमकेशच दिसला. इंग्लंडमध्ये ग्रॅनडा कंपनीने १९८४ पासून जेरेमी ब्रेट यांना होम्स करून मूळ कथांशी जी निष्ठा दाखविली, तिची आठवण व्हावी असे हे काम. मँचेस्टरमध्ये त्यांनी अख्खा बेकर स्ट्रीट उभारला होता. आपल्याकडे तेवढा पैसा नव्हता, पण निष्ठा तीच.

या मालेतली सत्यवती, व्योमकेशची पत्नी, म्हणजे आपल्या सुकन्या कुलकर्णी. आणि मराठीचा धागा येथे संपत नाही, उलट येथे तो मुळाशी जातो. व्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली बाँबे टॉकीजसाठी पटकथा लिहावयास मुंबईस आले आणि १९५२ पासून पुण्यास स्थायिक झाले. १९७० साली ते वारले. व्योमकेशला त्यांनी सुमारे पंधरा वर्षे विजनवासात ठेवले होते. पन्नासच्या दशकात तो पुन्हा लिहिता झाला तेव्हा त्याच्या कलकत्त्याच्या कित्येक गल्ल्या पुण्यातल्या मेजावर उमटल्या. एवढेच नव्हे, तर या बंगाली लेखकाने शिवकालावर मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. सदाशिव नावाचा मराठा पोर महाराजांच्या सैन्यात शिरतो आणि हुशारीने कामगिऱ्या पार पाडतो. बंगाली मुले त्या सदाशिवाबरोबर सह्याद्रीत हिंडली. मराठी मुलांना त्याचे नावही ठाऊक नाही. आमच्या पेरांबूरच्या दादांना मी अर्नाळकरांचे नाव सांगितले तेव्हा सदाशिव मला माहीत नव्हता. माहीत असता तर उत्तर थोडे निराळे दिले असते: आमचा एक छोटा गुप्तहेर तुमच्याच भाषेत आहे, तो आधी आम्हाला परत द्या!

संतोष दत्त १९८८ साली गेले. रायांनी त्यानंतर फेलुदाचा चित्रपट केला नाही. १९९२ च्या एप्रिलमध्ये तेही गेले. पण तत्पूर्वी, १९९० साली, त्यांनी 'नयन रहस्य' लिहिले, आणि त्यात फेलुदा, तोपशे व जटायू यांना एका जादूगाराच्या आणि आकड्यांची विलक्षण सिद्धी लाभलेल्या मुलाच्या निमित्ताने कोठे आणले? आपल्या मद्रासला! महाबलीपुरम आणि येथले साप-उद्यान त्या कथेत आहे. कथेच्या आरंभी फेलुदा उदास बसलेला असतो, कारण वाचकांची पत्रे आलेली असतात की हल्लीच्या कथांत पूर्वीची रंगत नाही. आजारी, थकलेल्या लेखकाने आपल्यावरची टीका आपल्या नायकाच्या खांद्यावर ठेवून तिला सामोरे जावे, यातले धैर्य मला मद्रासच्या वर्णनाहूनही मोलाचे वाटते. संदीप राय यांनी २०२४ साली त्या कादंबरीवर चित्रपट केला, बंगालीतच, इंद्रनील सेनगुप्त यांना फेलुदा करून. अडतीस वर्षांपूर्वी हिंदीत जाऊन आलेला दिग्दर्शक या वयात आपल्या भाषेच्या घरी राहूनच आमच्या गावी आला.

आता फेलुदा मराठीत छापील रूपानेही आला आहे. अशोक जैन यांनी केलेले अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले, आणि त्या पुस्तकांचा संच मंडळाच्या वाचनालयात आहे. त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात कोणीतरी दादर-मद्रास एक्स्प्रेसने कधीकाळी आणलेली अर्नाळकरांची सात-आठ पुस्तके आहेत. कव्हरे गेलेली, पाने पिवळी, शिवण सुटलेली. गेल्या पावसाळ्यात मी ती उन्हात ठेवून, खाकी कागदाची वेष्टणे घालून, वरच्या कप्प्यात फेलुदाच्या शेजारी लावली. ग्रंथपालबाईंनी नोंदवहीत त्यांना प्रथमच क्रमांक दिले. मागच्या रविवारी पाहिले तेव्हा त्यांपैकी दोन पुस्तके बाहेर गेली होती. एक कोणा शाळकरी मुलाच्या नावावर होते. दुसरे माझ्याच नावावर आहे, आणि परत करण्याची तारीख उलटून गेली आहे.